घरचं चिन्ह

जुनी माणसं पक्षाचं नाव घेत नाहीत, चिन्हाचं घेतात. "आमचं घर बैलजोडीचं" म्हणणारी पिढी आता थोडीच उरली आहे. पण "आम्ही खटाऱ्याची माणसं" (खटारा हे शेतकरी कामगार पक्षाचं, म्हणजे शेकापचं, जुनं चिन्ह) हे अलिबाग-पेणकडे अजून कानावर येतं, आणि "आमचं पहिल्यापासून पंजाच" हे तर कुठंही. यात बोलणारा 'मी' म्हणत नाही, 'आमचं घर' म्हणतो. मत एकट्यानं द्यायचं, आडोशाला जाऊन द्यायचं, आणि सांगताना मात्र ते घराच्या नावावर सांगायचं, आडनाव नि कुलदैवत सांगावं तसं.

याचं एक कारण अगदी पेटीच्या लाकडात आहे. १९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. नाव वाचून मत द्या म्हणायची सोयच नव्हती. म्हणून पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत, १९५२ आणि १९५७ला, शिक्का मारायचाच नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि हातातला कागद आपल्या पेटीत टाकायचा. बैलजोडी, झोपडी, पणती, हत्ती, विळा-कणीस. घरातून निघताना म्हातारीला एवढंच सांगायचं असे की बैलांच्या पेटीत टाक. पुढं एकच मतपत्रिका आणि शिक्का आला, त्यानंतर यंत्र आणि बटण. पण खेड्यात अजून बटण दाबूनही लोक 'शिक्का मारून आलो' म्हणतात, आणि चिन्ह अजून घरातूनच सांगितलं जातं.

चिन्ह बदललं तर काय होतं, याची पहिली परीक्षा काँग्रेसच्या घरांनी दिली. १९६९च्या फुटीत बैलजोडी गेली, इंदिरा गांधींच्या काँग्रेसला गाय-वासरू मिळालं, आणि १९७८च्या फुटीनंतर पंजा आला. दहा वर्षांच्या आत दोन बदल. पहिल्या वेळी महाराष्ट्रातल्या घरांना फारसं जड गेलं नाही, कारण यशवंतराव चव्हाणांपासून गावच्या पुढाऱ्यापर्यंत सगळी फळी एकाच बाजूला होती. अडचण झाली १९७८च्या विधानसभेला. एकीकडं यशवंतराव, वसंतदादा; दुसरीकडं इंदिराबाई. जनता पक्षाला ९९ जागा, एका काँग्रेसला ६९, दुसरीला ६२. या आकड्यांकडं पाहिलं की कळतं, काँग्रेसचं म्हणवणाऱ्या घरांची अक्षरशः वाटणी झाली होती. आपली काँग्रेस कुठली, हा प्रश्न ज्या घरानं कधी विचारला नव्हता त्याला तो ओसरीवर बसून सोडवावा लागला. आणि तो सुटला तो विचारानं कमी, आपल्याकडं येणारा माणूस कुठं गेला यावरून जास्त.

मला वाटतं सगळी गोम इथंच आहे. घर पक्ष शिकवत नाही. पक्षाची घटना, जाहीरनामा, ठराव यांतलं काही घरात वाचलं जात नाही. शेकापचा दाभाडी प्रबंध १९५०चा. तो किती खटाऱ्याच्या घरांत उघडला गेला असेल कोण जाणे. घरात पोराच्या कानाडोळ्यांवर तीनच गोष्टी पडतात. दारात कोण येतं. भिंतीवर कुणाचा फोटो आहे. आणि कुणाचं नाव निघालं की आजोबा पान थुंकायला उठतात. यातली तिसरी सगळ्यांत टिकाऊ. कुणाला मत द्यायचं हे बदलू शकतं, कुणाला मेलो तरी द्यायचं नाही हे फार उशिरा बदलतं.

१९४८ साली गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूरकडं ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्या घरांतली पुष्कळशी कुटुंबं पुण्या-मुंबईला आली, आणि काँग्रेसबद्दलचा कडवटपणा भांड्याकुंड्यांबरोबर बांधून घेऊन आली. तिकडं पणती होती म्हणून ती जनसंघाची झाली असं नाही. बैलजोडी नको होती हे आधी ठरलं, पणती मागाहून. आणीबाणीच्या २१ महिन्यांनी हेच पुन्हा केलं. ज्याचा बाप येरवड्याला किंवा नाशिकरोडला मिसाखाली, म्हणजे विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, होता, ज्यानं आईबरोबर तुरुंगाच्या दारात डबा घेऊन ताटकळत काढलं, त्या पोराला राजकारण शिकवायला वेगळी शाखा लागली नाही. त्यातली समाजवादी घरं आणि संघाची घरं एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहिली नसती. १९७७ला दोघांनीही नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्का मारला. पुढं दोन-तीन वर्षांत ती पुन्हा वेगळी झाली ती झालीच.

अमेरिकेत १९६५ साली जेनिंग्ज आणि नीमी या अभ्यासकांनी शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना वेगवेगळं गाठून तेच प्रश्न विचारले, आणि पुढं ती मुलं चाळीस-पन्नाशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. निष्कर्ष मजेशीर आहे. एकेका प्रश्नावरची आईबापांची मतं मुलांमध्ये फार थोडी उतरली होती. पक्ष मात्र ठळक उतरला होता. आईबाप दोघं एकाच पक्षाचे असले, घरात त्यावर बोलणं होत असलं, तर आणखी ठळक. याच्या पुढचा धागा एलियास डिनास यांच्या अभ्यासात सापडतो: ज्या घरांत राजकारण सतत बोललं जातं तिथली मुलं आधी घरचा पक्ष घट्ट उचलतात, आणि बाहेर पडल्यावर तीच तो सोडण्याची शक्यताही जास्त. बोलायची, वाद घालायची सवय घरानंच लावलेली असते, ती बाहेर गेल्यावर घराविरुद्ध वापरली जाते. राष्ट्र सेवादलाच्या, कम्युनिस्टांच्या आणि संघाच्या घरांतून उलट्या टोकाला गेलेली जी मुलं-मुली आपल्याकडं दिसतात, त्यांचं हेच असावं.

आपल्याकडच्या पोराचा प्रवास साधारण ठरलेला असतो. पाच-सहाव्या वर्षी बिल्ले आणि पत्रकं. प्रचाराची रिक्षा आली की मागं धावायचं, सगळ्या पक्षांचे बिल्ले गोळा करायचे, आणि घरी आल्यावर एक सोडून बाकीचे काढून टाकायला लावले जायचे. दहाव्या वर्षापर्यंत घोषणा पाठ, आणि समोरच्या घराशी आपलं का जमत नाही याची थोडी कल्पना. पंधराव्या वर्षी याद्या घेऊन वस्तीत फिरणं. मग मतदान. १९८९ला मतदानाचं वय २१वरून १८ केलं गेलं, त्याचा घरच्या वळणाशी जवळचा संबंध आहे. एकविसाव्या वर्षी माणूस कुठंतरी नोकरीला, हॉस्टेलला, लष्करात असायचा. अठराव्या वर्षी तो अजून आईच्या हातची भाकरी खात असतो. आता तर सतराव्या वर्षीच सहा नंबरचा फॉर्म आगाऊ भरून ठेवता येतो आणि वर्षातल्या चार तारखांपैकी, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी, ज्या दिवशी अठरा पूर्ण होतील त्याप्रमाणे नाव लागतं. हा फॉर्म खेड्यात पोरगा स्वतः क्वचितच भरतो. गल्लीतला कार्यकर्ता फोटो आणि आधारची झेरॉक्स घेऊन जातो. पहिलं मत नोंदवायच्या आधी त्याचं खातं उघडून देणारा माणूस घरच्या बाजूचाच असतो.

मतदानाच्या दिवशी हे सगळं उघड्यावर दिसतं, फक्त कुठं बघायचं ते माहीत पाहिजे. केंद्राच्या दारात नाही, शंभरेक मीटर अलीकडं (२०२५पर्यंत हे अंतर २०० मीटर होतं). तिथं प्रत्येक उमेदवाराचं एक टेबल, दोन खुर्च्या, वर एखादी छत्री. टेबलावर त्या भागाची मतदारयादी. यादी घर क्रमांकानं लावलेली असते, त्यामुळं एका घरातली नावं एकाखाली एक येतात: आजा, आजी, बाप, आई, दोन चुलते, सुना. टेबलावरचा माणूस नाव शोधतो, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून देतो. आता चिठ्ठी सरकारी माणूस घरपोच आणून देतो, मोबाइलवरही क्रमांक सापडतो. तरी लोक टेबलाकडं जातातच, कारण कुठल्या टेबलावरून चिठ्ठी घेतली हे दाखवायचं असतं. अख्खं घर एका रेषेत येतं आणि डावीकडं वळतं, दुसऱ्या टेबलावरचा माणूस मान खाली घालून यादी चाळत बसतो. एखादा पोरगा आईबापांबरोबर न येता अर्ध्या तासानं मित्रांबरोबर आला, तर दोन्ही टेबलांवर त्याची नोंद होते. आणि हुशार माणूस दोन्हीकडून चिठ्ठी घेतो.

टेबलावरच्या त्या यादीवर आधीच्या आठवड्यात पेन्सिलीनं खुणा झालेल्या असतात. आपले, त्यांचे, आणि काठावरचे. खुणा माणसागणिक होत नाहीत, घरागणिक होतात. सहा नावांना मिळून एक उभा कंस काढला की काम झालं. दुपारी तीननंतर आपल्या खुणेतली जी नावं यायची राहिली त्यांच्याकडं रिक्षा किंवा मोटारसायकल जाते. या पद्धतीत चूक कुठं होते ती कार्यकर्त्यांना पक्की ठाऊक असते: पुण्याला नोकरी करणारा मुलगा आणि नवी सून. ही दोघं कंसात धरली जातात आणि मोजताना तिथंच आकडा चुकतो.

मोजणीही बूथवार. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांचे कागद एकत्र मिसळण्याची पद्धत वापरता येत होती. यंत्र आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा बाहेर येतो आणि फॉर्म २०मध्ये छापून राहतो. एका केंद्रावर हजारभर मतदार. त्यात एका वाडीचे दोनशे, एका भावकीचे दीडशे. निकालानंतर आठ दिवस पारावर हेच गणित चालतं. मत गुप्त आहे, पण वाडीचं मत गुप्त नाही. त्यामुळं घरचं मत बदलायचं म्हटलं तर एकट्याचा प्रश्न राहत नाही, 'तुमच्याकडची चाळीस कुठं गेली' असं विचारायला माणूस येतो.

आता गावातलं मूल पहिल्यांदा जे शिकतं तो पक्ष नसतोच, गट असतो. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तिथं पॅनेल असतं, आणि चिन्ह कपबशी, नारळ, विमान, छत्री असलं काहीतरी. वॉर्डात दोन-तीन जागा असल्या तर मतदाराला तितकी मतं. त्याच गटाची विकास सोसायटी, त्याच गटाचा दूध संघ, आणि त्या सगळ्याच्या डोक्यावर साखर कारखाना. पश्चिम महाराष्ट्रात पक्षनिष्ठा म्हणून जी सांगतात ती पुष्कळ वेळा उसाच्या कांड्यांतून वर आलेली असते.

हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला की सोळा-अठरा महिने शेतात उभा. लागणीची नोंद कारखान्याच्या गट ऑफिसात होते आणि नोंदीच्या क्रमानं तोड मिळायची असते. तोड घेऊन येणारा कारखान्याचा चिटबॉय. तोडचिठ्ठी वेळेत आली तर टोळी येते, गाडी भरते, विषय संपतो. महिनाभर लांबली तर उसाला तुरा येतो, आतून पोकळ पडतो, वजन घटतं, रान अडकून पडतं आणि पुढचं पीक बुडतं. क्रम नोंदीचा असला तरी नोंद पुढं-मागं होऊ शकते, टोळी 'चुकून' पलीकडच्या शिवारात जाऊ शकते. ज्या घरानं विरोधी पॅनेलचं टेबल धरलं त्याच्या उसाला तुरा आला, ही गोष्ट ज्या पोरानं एकदा आठवीत असताना पाहिली, त्याला पुढं निष्ठेवर भाषण द्यावं लागत नाही. उलटही असतं: बापाच्या आजारपणात कारखान्याची गाडी आली, सोसायटीचं कर्ज मार्चएण्डला नवं-जुनं करून मिळालं, बहिणीला कारखान्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. हा उपकाराचा भाग लोक मोकळेपणी सांगतात, तुऱ्याचा सांगत नाहीत.

आणि यातली वारसाहक्काची बाजू तर लिखित आहे. कारखान्याचा शेअर बापाच्या नावावर असतो. बाप गेला की सात-बाऱ्यावर वारस लागतात तसे शेअरलाही लागतात. सभासदत्व आलं की सवलतीची साखर आली, सर्वसाधारण सभेचं पत्र आलं, संचालक निवडायचं मत आलं. राजकीय वळण घरातून येतं म्हणतात ते इथं रूपक नाही, भागाचा दाखलाच आहे. १९५०मध्ये प्रवरेला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून नगर जिल्ह्यात विखे घराणं काँग्रेस, शिवसेना, पुन्हा काँग्रेस आणि मग भाजप असं फिरलं. बरोबरची बहुतेक घरं प्रत्येक वेळी फिरली. त्यांना पक्षबदलू म्हणणं चूक आहे, ती हललीच नाहीत. त्यांचा खांब हलला.

याच्या अगदी उलट शेकाप. हा पक्ष राज्यभर आटला तरी काही तालुक्यांत घरांनी धरून ठेवला, आणि ज्या घरांनी धरला त्यांच्याकडं एक पक्की आठवण आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ला पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं. नारायण नागू पाटील पुढं होते, बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा होता. संप जवळजवळ सहा वर्षं चालला. भाताची खाचरं ओस, माणसं जंगलातली लाकडं आणि खाडीतली मासळी यांवर. पुढं कूळकायदे आले, १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाला कसणारा मालक ठरला. ज्या घराच्या सात-बाऱ्यावर आज मालक म्हणून नाव आहे, तिथं आजीला संपातली उपासमार ऐकून माहीत होती. लाल बावट्याशी त्या घराचं नातं अर्थशास्त्राचं नाही, खाचराचं आहे. त्यानंतर १९८४ला उरण-पनवेलकडं सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव त्या घरांत कुठल्या आदरानं घेतात हे नवी मुंबई विमानतळाच्या नावाच्या वेळी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

सांगोल्यात तोच पक्ष एका माणसाच्या रूपानं घराघरांत राहिला. गणपतराव देशमुख १९६२ला पहिल्यांदा निवडून आले आणि १९७२ व १९९५चे दोन पराभव सोडले तर २०१४पर्यंत निवडून येत राहिले, एकूण अकरा वेळा. दुष्काळी तालुका, एसटीनं फिरणारा आमदार. तिथं आजोबा, मुलगा, नातू तिघांनी एकाच माणसाला पहिलं मत दिलेली घरं आहेत. २०१९ला ते थांबले आणि नातू उभा राहिला, तेव्हा ७६८ मतांनी जागा गेली. २०२४ला दुसऱ्या नातवानं ती परत आणली. याला घराणेशाही म्हणावं की घरांची निष्ठा, यावर वाद घालता येईल. माझ्या मते सांगोल्यात दोन्ही एकमेकांना टेकून उभ्या आहेत. मात्र खटारा म्हणत मोठं झालेल्या घराला आता यंत्रावर शिट्टी शोधावी लागते, आणि म्हातारी माणसं तिथं थोडी घुटमळतात.

घरचं वळण एका पिढीत कसं उलटतं ते बघायचं असेल तर गिरणगाव. लालबाग-परळच्या चाळींत बाप गिरणी कामगार युनियनचा, लाल बावट्याचा. खोली दहा बाय बारा, पाळी संपवून आलेला बाप झोपलेला, आणि पोरं दिवसभर बाहेर. बाहेर म्हणजे व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळ, क्रिकेट, आणि १९ जून १९६६नंतर शिवसेनेची शाखा. शाखेत नोकरीचा अर्ज भरून मिळायचा, भांडण मिटायचं, रात्री रुग्णवाहिका मिळायची. बापाची युनियन गिरणीच्या फाटकावर होती, पोराची शाखा जिन्याखाली. ५ जून १९७०ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या, आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार. त्या निकालात एकाच खोलीतली दोन मतं दोन दिशांना गेली असणार हे सांगायला पाहणी लागत नाही. १९८२च्या संपानंतर तर बापाचं फाटकच राहिलं नाही. घरातला पक्ष टिकायला घर पुरत नाही, बापाचा दिवस जिथं जातो ती जागाही टिकावी लागते.

निळ्या झेंड्याच्या घरांची गोष्ट आणखी निराळी. तिथं भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, दारी १४ एप्रिल, ६ डिसेंबरला दादर, दसऱ्याला दीक्षाभूमी. इतकं भरगच्च राजकीय संगोपन महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या घरात होत नाही, हे मी बिनधास्त म्हणतो. आणि तरी पक्ष एक राहिला नाही. ३ ऑक्टोबर १९५७ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, त्याचे किती गट झाले ते मोजणंही अवघड. पण १९९८ला सगळे एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला, तर एका दमात चार खासदार, चौघंही खुल्या जागांवरून: आंबेडकर अकोल्यातून, आठवले मुंबईतून, गवई अमरावतीतून, कवाडे चिमूरमधून. घरानं द्यायचं ते मुलाला पूर्ण दिलं होतं. वर ते धरून ठेवणारी मूठ मिळाली तेव्हा मतं दिसली, सुटली तेव्हा पांगली. म्हणजे घर ओळख देतं. पक्ष देईलच असं नाही.

सुनांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो. पक्ष बापाकडून येतो असं गृहीत धरून सगळी चर्चा चालते, आणि प्रत्येक घरात एक बाई दुसऱ्या घरचं चिन्ह घेऊन आलेली असते. सोयरीक जमवताना गट बघतात, हे जाहीर नसलं तरी सर्वज्ञात आहे. तरी जुळत नाही. मग लग्नानंतर फॉर्म ८ भरून नाव सासरच्या यादीत येतं, आडनाव बदलतं, घर क्रमांक बदलतो, आणि टेबलावरचा माणूस तिला कंसात ओढतो. ती काय करते? पहिली एक-दोन वर्षं सासरचं. मग भावाचा फोन येतो, माहेरचा उमेदवार उभा असतो. जिल्हा परिषदेला दोन गावं एकाच गटात असली की हे हमखास होतं. आणि मुलांच्या कानात जातं ते बहुतेक आईचं, कारण आजोबा भाषण करतात पण मुलाबरोबर दिवसभर असते आई. महिला बचत गट, खात्यावर थेट येणारे पैसे, हे सगळं आल्यापासून कार्यकर्त्यांनी एका घराला एक कंस काढणं कमी केलं आहे. बायकांची वेगळी यादी, वेगळ्या बायका फिरायला.

सीमाभागात पक्ष आणि भाषा यांची गाठच सोडवता येत नाही. बेळगावातल्या मराठी घरात समिती, म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती, हा पक्ष नव्हे, घरात बोलतो ती बोली. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन, १ नोव्हेंबरला काळा दिवस, सायकल फेरीत बापाच्या पुढच्या दांडीवर बसलेलं पोर. २०१३ला समितीचे दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ला एकही नाही. काळा दिवस पाळणारी घरं आहेत तिथंच आहेत. विधानसभेचं मत आणि फेरीतलं पाऊल यांची फारकत झाली, इतकंच. गोव्यात मगोपच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, सिंहाचं असंच: भाऊसाहेब बांदोडकरांच्या मागं १९६३ला उभी राहिलेली बहुजन घरं, १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात विलीनीकरणाचं फूल ३४,०२१ मतांनी हरलं तरी सिंहाला सोडून गेली नाहीत.

चिन्हच कुणीतरी नेलं तर मात्र घराचं काय होतं, हे आपण परवापरवा पाहिलं. धनुष्यबाण ऑक्टोबर २०२२ला गोठला, फेब्रुवारी २०२३ला एका बाजूला गेला. घड्याळ फेब्रुवारी २०२४ला. मशाल आणि तुतारी वाजवणारा माणूस घेऊन कार्यकर्ते चाळीचाळीतून, वाड्यावाड्यांतून फिरले, हातात लाकडी नाहीतर प्लायवूडचा नमुना यंत्राचा डबा. यंत्रावर नावं आधी मान्यताप्राप्त पक्षांची, मग नोंदणीकृत पक्षांची, मग अपक्षांची, प्रत्येक गटात वर्णाक्षरांनी. म्हणून म्हाताऱ्यांना चिन्हापेक्षा क्रमांक पाठ करून घेणं सोपं: वरून दुसरं, वरून तिसरं. तरी घोटाळा व्हायचा तो झालाच. २०२४च्या लोकसभेला दिंडोरीत अपक्षाच्या पिपाणीला लाखावर मतं पडली. साताऱ्यात पिपाणीची मतं सदतीस हजारांच्या पुढं, आणि तुतारीवाल्याचा पराभव ३२,७७१ मतांनी. घरात 'तुतारी' एवढंच सांगून पाठवलं होतं. वाजवणारा माणूस सांगायचा राहिला.

पवारांचं घर शेवटी घेतलं, कारण हा सगळा गुंता एकाच ओसरीवर बघायला मिळतो. शारदाबाई पवार १९३८ला पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. पुढं घर शेकापचं. केशवराव जेधे हे शेकापच्या संस्थापकांतले, पण ते काँग्रेसमध्ये परतले आणि १९५७ला बारामतीतून खासदार झाले. त्यांच्या निधनानंतर १९६०ला पोटनिवडणूक लागली. काँग्रेसकडून जेध्यांचा मुलगा गुलाबराव, शेकापकडून, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठिंब्यावर, शारदाबाईंचा मोठा मुलगा वसंतराव. म्हणजे ज्यांनी शेकाप काढला त्यांचा वारस काँग्रेसचा, आणि समोर खटाऱ्याच्या घरातला भाऊ. धाकटा शरद एकोणीस-वीसचा, काँग्रेसचं काम करणारा. त्यानं भावाविरुद्ध प्रचार केला. काँग्रेस जिंकली. घरातून कुणी त्याला हाकललं नाही; संध्याकाळी ताट एकाच पंक्तीला. पुढं याच घरातली बहीण सरोज शेकापच्या एन. डी. पाटलांची पत्नी झाली, आणि एन. डी. जन्मभर शेकापमध्येच राहिले, मेहुण्याच्या धोरणांविरुद्ध मोर्चे काढत.

चौसष्ट वर्षांनी तोच मतदारसंघ. ७ मे २०२४ला लोकसभेचं मतदान, लेक एकीकडं, सून दुसरीकडं. सुप्रिया सुळे १,५८,३३३ मतांनी आल्या, आणि बारामती विधानसभा क्षेत्रात त्यांची आघाडी अठ्ठेचाळीस हजारांच्या घरात. २० नोव्हेंबरला विधानसभा, काका आणि पुतण्या. अजित पवार लाखाच्या वर मतांनी आले. मतदार तेच, याद्याही जवळजवळ त्याच, त्याच शाळेच्या त्याच खोल्या. गावोगाव आधीपासून ऐकू येत होतं, "लोकसभेला ताई, विधानसभेला दादा." दोन्ही टेबलांवर बसलेली पोरं एकमेकांची चुलतभावंडं होती. दुपारी दोन्हीकडचा डबा एकाच घरातून आला.